खडकांच्या कपारींचा भरवसा

वाचावयाचा भाग: ओबद्या, स्तोत्र 61.



ओबद्याचे पुस्तक एकाच अध्यायाचे, म्हणून आपल्या मंडळ्यांत ते क्वचितच वाचले जाते. त्यात अदोमी लोकांच्या गर्वाचा निषेध आहे. उंच कड्यांत वस्ती असल्यामुळे आपणांस कोणी हात लावू शकत नाही, असे त्यांस वाटे.

तो मुलूख आज जॉर्डन देशात आहे. तेथे पुढे नबाती लोकांनी कड्यांत पेत्रा नगर खोदले. ज्या अरीतास राजाच्या सुभेदाराने दिमिष्कात पौलास धरू पाहिले, तो याच लोकांचा राजा. नगरात जाणारी वाट सीक नावाच्या घळीतून आहे. अंतर सुमारे सव्वा किलोमीटर, म्हणजे एका वाडीतून दुसरीत जाण्याइतकेच. चालणाऱ्यास श्रम नाहीत. परंतु दोन्ही बाजूंस तांबड्या वाळूच्या दगडाचे कडे, काही ठिकाणी 80 मीटर उंच, आणि मधली वाट कोठे कोठे जेमतेम बैलगाडीपुरती. येथे मूठभर माणसे सैन्य अडवितील.

तथापि वाळवंटात पाऊस थोडा असला तरी पडला म्हणजे उघड्या खडकांवरून सारे पाणी एकदम घळीत उतरते. नबाती हे जाणून होते. त्यांनी घळीच्या तोंडाशी बांध घातला, बोगदा खोदून पूर दुसरीकडे वळविला, आणि पिण्याचे पाणी मात्र कड्यांत कोरलेल्या पाटांनी नगरात नेले. शतके लोटली, बांध निकामी झाला, कडे तसेच उभे राहिले. 1963 साली अकस्मात पूर आला आणि घळीत असलेले वीसांहून अधिक फ्रेंच प्रवासी मरण पावले. जे कडे शत्रूस आत येऊ देत नसत, त्यांनीच त्यांस बाहेर निघू दिले नाही. मग तेथे पुन्हा बांध घालण्यात आला.

दाविदाने आपणाहून उंच असा खडक मागितला. अदोम्यांनी आपणांसच उंच मानले. आपलेही कडे आहेत: मंडळीच्या वहीतील नाव, आजोबांचा बाप्तिस्मा, मिशनच्या शाळेतील शिक्षण. ही देणगी लहान नव्हे. पण घरातील सायंप्रार्थना बंद पडून किती पावसाळे झाले? शेताची बांधबंदिस्ती आपण आभाळ भरून येण्यापूर्वीच करतो ना?

उपदेशक बंधूंनो, ज्या घरी दिवा लागल्यावर शास्त्र उघडले जात नाही, तेथे या आठवड्यात जाऊन बसा. दटावू नका. एक वचन वाचा, प्रार्थना करा, आणि पुन्हा केव्हा याल तो वार सांगून निघा.