निळ्या पिल्लाची ऑर्डर

दांडी म्हटले की शिकल्यासवरल्या माणसाला १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह आठवतो. ती दांडी गुजरातेत. बँकेत दांडी म्हटले की हजेरीपुस्तकातला लाल शेरा आठवतो. ती सर्वत्र. तिसरी दांडी बोईसर-तारापूरजवळ समुद्राकाठी आहे; तिथे अस्मादिक राहतात. आणि चौथी दांडी आमच्या ओटीवरच्या पिंजऱ्यात आडवी बसवलेली असून तिच्यावर एक हिरवे जोडपे राहते. या चौथ्या दांडीने मला एका जुन्या प्रश्नात लोटले आहे: जन्माला येणाऱ्या जिवाचा रंग आधी सांगता येत असेल, तर तो सांगावा का?

या पक्ष्यांना आपल्याकडे सरसकट लव्हबर्ड म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. हे बजरीगर, मूळ ऑस्ट्रेलियाचे. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा हौस या पाहुण्यांवर भागवायची. रानातला बजरीगर हिरवा असतो. निळे, पांढरे, जांभळट ही पिंजऱ्यातली पैदास.

रंगाचा हिशेब कॉमर्सच्या माणसाला चटकन कळतो. प्रत्येक पक्ष्याच्या खात्यात रंगाच्या दोन नोंदी असतात, एक बापाकडून आलेली, एक आईकडून. पिल्लाला देताना प्रत्येकजण आपल्या दोनांतली एकच देतो. कोणती, ते नशीब. हिरव्याची एक नोंद असली तरी पक्षी हिरवाच दिसतो. निळा दिसायला दोन्ही नोंदी निळ्याच लागतात. माझ्या जोडप्यातल्या दोघांच्याही आया निळ्या, म्हणजे दोघांच्याही पोटात एकेक निळी नोंद बंद खात्यासारखी पडून असणारच. अशा जोडीची चारांत तीन पिल्ले हिरवी आणि एक निळे, हे गणित मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावरून मांडून ठेवले आहे. वाटाण्याची उसळ आम्हीही पिढ्यान्‌पिढ्या खात आलो, पण कोणाला हे सुचले नाही.

हा तक्ता मी ओटीवर टांगला आणि कारखान्यात नोकरीला असलेल्या एका शेजाऱ्यांनी तो वाचला. 'चारांत एक ना? मग तो निळा आमच्या बेबीला,' असे म्हणून ते मोकळे झाले. अंदाजाचे मागणीपत्र व्हायला एवढाच वेळ लागतो. मादीने एक दिवसाआड एक अशी चार अंडी घातली. सुमारे अठरा दिवसांनी एकेक फुटू लागले, आणि पिसे आल्यावर पाहतो तो चारही पिल्ले हिरवीगार! शेजारी माझ्याकडे चेक न वटल्यासारखे पाहू लागले. वास्तविक गणित कुठेच चुकले नव्हते. अशा चार अंड्यांतून चारही हिरवी निघण्याची शक्यता शंभरात जवळजवळ ३२ असते. 'चारांत एक' हे वचन हजारो अंड्यांना दिलेले असते; एकट्या अंड्याशी कोणी करार केलेला नसतो.

आणि हा निळा तरी काय असतो? बजरीगरच्या पिसात निळा रंग नसतोच. पिसाची बारीक घडणच अशी, की तिच्यावरून उजेड निळा होऊन परततो. त्यावर पिवळ्याचा हात फिरला की दिसते हिरवे. पिवळा रंग तयार करणाऱ्या जनुकात एक बारीक बिघाड असला की पिवळा गायब आणि पक्षी निळा. हे जनुक २०१७ साली सापडले. म्हणजे लोक हौसेने मागतात ती चक्क तूट! आमच्याकडे तूट आली तर कॅशियरच्या पगारातून कापतात.

दारावर मासे घेऊन येणाऱ्या मावशींनी एकदा तो तक्ता न्याहाळला. मी सगळे समजावून दिले. त्यांनी ऐकून घेतले आणि बोंबील मोजता मोजता विचारले, 'पण भाऊ, निळा नाही निघाला तर त्याचं काय करता?'

बोंबलांचे पैसे झाले. या प्रश्नाची बाकी अजून निघते आहे. कारण तो प्रश्न पक्ष्यांपाशी थांबत नाही. दिवस राहिलेल्या सुनेला गोऱ्या नातवासाठी केशराचे दूध देणारी सासू आणि जाहिरातीत 'गोरी'च वधू मागणारा सावळा वर हे आमच्या शेजाऱ्यांचेच भाऊबंद. महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. डॉक्टरला कळत असूनही त्याने सांगायचे नाही! ज्ञान वाईट म्हणून नव्हे. ऐकणाऱ्याने ऑर्डर आधीच दिलेली असते म्हणून. मुलगी निघाली तर लोक काय करतात, हे कायद्याला ठाऊक होते.

म्हणून मला वाटते, अंदाज खुशाल करावा. पण मावशींच्या प्रश्नाचे उत्तर आधी तयार असेल त्यानेच करावा. शेजाऱ्यांना मी सांगून पाहिले, की यातल्या प्रत्येक हिरव्याच्या आत निळा दडलेला असण्याची शक्यता तीनांत दोन आहे. ते म्हणाले, 'आतला काय करायचाय?'

माझ्या जन्माच्या वेळी वडिलांनी पत्रिका करून घेतली होती. तीत राजयोग होता. मी बँकेत कारकून झालो. वडिलांनी ती पत्रिका पुन्हा काढली नाही; मात्र मी बँकेतून घरी आलो, की 'जेवलास का रे?' हे त्यांनी अखेरपर्यंत रोज विचारले.