जुनी नोंद राहू द्या

सांगलीच्या विश्रामबागेत वालचंद आणि विलिंग्डन महाविद्यालयांच्या आसपास कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात थांबा, 'पीडीएफ पाठवा' हे शब्द कानावर पडतातच. मुलांचे प्रोजेक्ट पीडीएफमध्ये, हॉल तिकीट पीडीएफमध्ये आणि पीककर्जासाठी लागणारा डिजिटल सहीचा सातबाराही पीडीएफमध्येच. रोज हाताळतो ती ही फाइल आतून कशी असते, हे एकदा समजून घेण्यासारखे आहे.

अडोबी कंपनीने ती १९९३ साली आणली आणि २००८ मध्ये तिला आयएसओचे मानक मिळाले. संगणक कोणताही असो, पान जसेच्या तसे दिसावे, हा तिचा हेतू. साध्या घडणीची पीडीएफ नोटपॅडमध्ये उघडली, तर पहिल्याच ओळीत तिचे नाव आणि आवृत्ती दिसते. पुढे पाने, फॉन्ट, चित्रे अशा एकेका घटकाला क्रमांक दिलेला असतो. अखेरीस एक तक्ता येतो. कोणता घटक सुरुवातीपासून कितव्या बाइटवर आहे, ते त्यात लिहिलेले असते. त्यामुळे वाचणारा प्रोग्रॅम आधी फाइलचा शेवट गाठतो, तिथून तक्ता शोधतो आणि हवे ते पान थेट काढतो.

या रचनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी सोय बदलाची आहे. जुन्या मजकुराला धक्का न लावता नवा भाग आणि नवा तक्ता फाइलच्या शेवटी जोडता येतो. नव्या तक्त्यात मागच्या तक्त्याचा पत्ता असतो. सही झाल्यावर अशी भर पडली, तर सही कुठपर्यंतच्या मजकुरावर आहे आणि नंतर काय जोडले गेले, हे तपासता येते.

तलाठ्यांच्या हस्तलिखित सातबाऱ्याची रीत याहून निराळी नव्हती. जमीन विकली किंवा वारस लागले, तरी जुने नाव खरवडून काढत नसत. त्या नावाला कंस व्हायचा, नवे नाव लागायचे आणि सोबत फेरफाराचा क्रमांक यायचा. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफारांची नोंदवही, उघडली की बदल कशामुळे झाला, ते कळायचे.

दस्तऐवजावर भरवसा बसतो, तो त्यातल्या प्रत्येक बदलाचा माग काढता येतो म्हणून. माणसाच्या शब्दाचेही असेच आहे. मत बदलावे, निर्णय फिरवावा, त्यात कमीपणा नाही. पण आधी काय ठरले होते, ते झाकू नये. सोसायटीचे इतिवृत्त दुरुस्त करताना किंवा घरच्या वाटणीचा कागद नव्याने लिहिताना जुनी नोंद राहू द्यावी आणि बदल कधी, कशासाठी झाला, ते शेजारी लिहावे. उद्या कुणी विचारले, तर उत्तर कागदच देईल आणि भावाभावांत वाद व्हायची वेळ येणार नाही.