आधी जबानी, मग दुरुस्ती

चि. भाचीस,


तुझी मेल वाचली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार थांबला आणि तेव्हापासून शेजारपाजारचे, कॉलेजातले जुने लॅपटॉप तुझ्या टेबलावर येऊन पडताहेत, हे वाचून मजा वाटली. नवल मात्र वाटलं नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्याच्या यादीतच नाहीत. धडधाकट यंत्र, पण कागदोपत्री बाद. अशा यंत्रावर लिनक्स, म्हणजे मिंट नाहीतर उबुंटू, घालून देतेस, हे उत्तमच. पण शेवटी तू लिहिलंस, ‘मामा, लोक स्वतः काही वाचत नाहीत, म्हणून मी आता सरळ कमांड पाठवून मोकळी होते.’ त्या एका वाक्यासाठी हे लांबलचक उत्तर.

मोकळी होऊ नकोस. निदान इतक्या लवकर नको.

नवख्या माणसाची तक्रार बहुधा दोनच शब्दांची असते: ‘चालत नाही.’ त्याच्याकडे त्याहून जास्त शब्द नसतात, म्हणून ते शोधून द्यायचं काम आपलं. काय करायला गेलात, काय दिसलं, आणि हे कालपर्यंत चालत होतं का, एवढं शांतपणे विचार. पडद्यावर काही उमटलं असेल तर त्याचा मोबाइलने फोटो मागव, आणि पूर्ण पडद्याचा मागव. लोक नेमका कामाचा कोपरा कापून पाठवतात. ‘मी काहीच केलं नाही’ हे ऐकलं की हसू नकोस. बरेचदा ते खरंच असतं. उबुंटूसारख्या सिस्टिममध्ये सुरक्षेचे अपडेट आपोआप उतरतात, त्यात कर्नलही बदलतो, आणि दुसऱ्या दिवशी वायफाय गायब. अशा वेळी यंत्र सुरू होताना ग्रबच्या यादीतून आधीचा कर्नल निवडायला सांग. वायफाय परत आलं, तर एकही ओळ न टाइपता तुला अर्धं उत्तर मिळालं.

माणसाची जबानी झाली की यंत्राची. लॅपटॉपच्या मॉडेलवर विसंबू नकोस. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये कंपन्या निरनिराळ्या वायफाय चिप बसवतात. ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘एनएनके’ पर्यायासह चालवली की चिप बनवणाऱ्याचा क्रमांक, चिपचा क्रमांक आणि तिला सध्या कोणता ड्रायव्हर मिळालाय हे तिन्ही दिसतं. ड्रायव्हरची ओळच नसेल तर गोष्ट एक, ड्रायव्हर आहे पण ‘डीमेसेज’मध्ये फर्मवेअर सापडलं नाही असं लिहून आलंय तर गोष्ट वेगळी. फर्मवेअर म्हणजे चिपच्या पोटात दर वेळी भरावा लागणारा छोटा प्रोग्राम. तो पुष्कळदा बंदिस्त असतो, म्हणून डेबियनने वर्षानुवर्षं तो आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमधून बाहेर ठेवला. तत्त्व म्हणून ते मला पटत होतं, पण नवख्या माणसासमोर बसलं की तत्त्व अवघड व्हायचं: वायफाय चालू करायला लागणारी फाइल नेटवरून घ्यायची, आणि नेट वायफायवर! २०२२ मध्ये डेबियनच्या मंडळींनी मतदान घेऊन हे बदललं, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं. तरीही अडलंच कुठे, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करायला सांग. लिनक्सला तो वायरचं नेटवर्क वाटतो, ड्रायव्हर मागत नाही. इतका साधा उपाय, आणि तो सुचत नाही म्हणून लोक पेनड्राइव्हवर फाइली वाहत बसतात.

आता एक निळा पडदा. हा तुला फार छळणार आहे, म्हणून सविस्तर सांगतो. काही ब्रॉडकॉम चिपांना किंवा एन्व्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांना बाहेरचा ड्रायव्हर घालावा लागतो. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू असेल, तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. म्हणून उबुंटू त्या वेळी एक तात्पुरता पासवर्ड ठरवायला सांगतं, आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळ्या पडद्यावर ‘मॉक मॅनेजमेंट’ असं काहीतरी विचारतं. नवखा माणूस घाबरतो. हा व्हायरस असेल, नाहीतर काहीतरी बिघडलं असेल, असं समजून तो ‘कंटिन्यू बूट’वर एंटर मारतो, किंवा काही सेकंद नुसता बघत राहतो आणि पडदा आपोआप जातो. यंत्र नीट सुरू होतं, ड्रायव्हर ‘बसला’ असंही दिसतं, फक्त वायफाय नसतं. मग तो तुला मेसेज करतो, तू ड्रायव्हर पुन्हा घालायची कमांड पाठवतेस, निळा पडदा पुन्हा येतो आणि पुन्हा जातो. हा खेळ आठवडाभर चालू शकतो. पडदा येणार आहे, त्यावर ‘एनरोल मॉक’ निवडायचं आहे आणि मघाचा पासवर्ड द्यायचा आहे, एवढं आधी सांगितलं असतं तर तो पाच मिनिटांत संपला असता. कमांड दोन्ही वेळा बरोबरच होती.

म्हणून म्हणतो, कमांड पाठवशील तेव्हा ती काय करते, चालल्यावर काय दिसायला हवं आणि उलटं फिरवायचं झालं तर कसं, हे तिच्याबरोबर लिही. शेवटचं तुला लिहिता येत नसेल तर ती कमांड पाठवूच नकोस. काळ्या पडद्यासाठी ग्रबमध्ये ‘ई’ दाबून ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहायला सांगतात, तो उपाय मला याचसाठी आवडतो: तो तेवढ्या एका वेळेपुरताच असतो, पुढच्या वेळी आपोआप पुसला जातो. चुकलं तरी घर पडत नाही.

नोव्हेंबर २०२१ ची एक गोष्ट तुला माहीत असेल. लायनस सेबास्टियन या कॅनडातल्या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएसवर स्टीम घालायचा प्रयत्न केला. पॅकेजमध्ये त्या वेळी खोट होती, आणि स्टीम बसवण्यासाठी सगळा डेस्कटॉपच काढून टाकावा लागेल असं एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने ठरवलं. त्याने धोक्याचा इशारा दिला आणि पुढे जायचं असेल तर ‘येस, डू ॲज आय से!’ असं टाइप करा म्हटलं. पठ्ठ्याने टाइप केलं. डेस्कटॉप गेला. जुनी मंडळी खदखदून हसली: समोर लिहिलेलं वाचता येत नाही का! मी मात्र त्याच्या बाजूचा आहे. आयुष्यभर प्रत्येक सूचनेवर ‘ओके’ दाबत आलेल्या माणसाला ढीगभर पॅकेजांच्या नावांतून आपला डेस्कटॉप ओळखू येईल, ही अपेक्षाच चूक. पॉप ओएस बनवणाऱ्यांनी पॅकेज सुधारलं, आणि पुढे एपीटीनेही ती पळवाट अवघड केली. म्हणजे शेवटी दुरुस्त झालं ते साधन. टाइप करणाऱ्याला शहाणं करून प्रश्न सुटला नाही. तू ज्या ओळी पाठवतेस त्यांच्या शेवटी ‘वाय’ हा पर्याय लावतेस का? ‘विचारू नकोस, हो समज’ असा त्याचा अर्थ. नवख्याला पाठवताना तो काढून टाक. त्या यंत्राने त्याला एकदा तरी विचारायला हवं, आणि काय विचारलं ते त्याने तुला कळवायला हवं.

प्रिंटरबद्दल तू वैतागून लिहिलंयस. थोडा इतिहास ऐक, वैताग उतरेल. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत होता. जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम त्याच्या हातात होता, तेव्हा त्याने एक सोय केली होती: कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्यांच्या पडद्यावर तसा निरोप जायचा. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, त्याच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर कुणी देईना. कार्नेगी मेलनमधल्या एकाकडे तो होता, पण त्याने गुप्ततेच्या करारावर सही केली होती. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमनने ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा राग होता. दुसऱ्याचा अडकलेला कागद मोकळा व्हावा म्हणून धडपडणाऱ्या माणसापासून हे सगळं सुरू झालंय, तेव्हा प्रिंटरला कमी लेखू नकोस. बाकी व्यवहार सोपा आहे. अलीकडचे नेटवर्कवरचे प्रिंटर बहुधा ड्रायव्हरशिवाय छापतात, एचपीसाठी एचपीएलआयपी असतं. आणि दुकानादुकानांत दिसणारे काही जुने स्वस्त लेझर प्रिंटर कंपनीच्या खासगी भाषेतच बोलतात. त्यांच्यापायी रात्री जागवू नकोस. ‘हा नीट चालेल याची खात्री देत नाही’ म्हण.

वेळेची तक्रार आली तर मात्र लगेच ओळख. दोन्ही सिस्टिम ठेवलेल्या लॅपटॉपवर विंडोज साडेपाच तास मागे जातं. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजतं, आणि आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. ‘बॅटरी गेली’ म्हणून कुणी दुकानात सेल बदलून आणण्याआधी सांग. आणि विंडोजचा ड्राइव्ह लिनक्समधून नुसता वाचता येतो, लिहिता येत नाही, असं कुणी म्हणालं तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करायला लाव.

ज्यांना तू नाही म्हणायला हवंस, अशीही माणसं आहेत. ज्याचा दुकानाचा हिशेब टॅलीवर आहे, ज्याचं पोट फोटोशॉप किंवा ऑटोकॅडवर चालतं, त्याला फुकट आहे म्हणून लिनक्सकडे ओढू नकोस. आपल्यातल्या काहींना धर्मप्रसाराचा सोस असतो, आणि त्यांनी घालून दिलेली लिनक्सं महिनाभरात पुसली जातात. कुणाच्याही यंत्रावर काही घालण्याआधी ते पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालव आणि त्यालाच समोर बसव. वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड बघ. झाकण मिटल्यावर झोपतं का आणि उघडल्यावर उठतं का, हे तर नक्की बघ, कारण ते कुणी बघत नाही आणि नंतर सगळ्यात जास्त तेच चिडवतं. माउस तुझ्या हातात घेऊ नकोस. अगदी राहवलं नाही तरी.

राहिलं मराठी. इथे बाहेरच्या देशातली कुठलीही मार्गदर्शिका तुला पुरणार नाही. टायपिंगचं अवघड नाही: सेटिंगमध्ये इनपुटच्या यादीत मराठी घाल, इनस्क्रिप्ट मिळतो, उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी आयबससोबतचं एम१७एन. घातल्यावर ‘दुसऱ्या’ आणि ‘ॲप’ हे दोन शब्द लिहून बघ. अर्धा र आणि डोक्यावर चंद्र नीट आला तर बाकीचं येतंच. लेखनाची भाषा मराठी ठेवली की काही फॉन्ट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात, हे जुन्या माणसांना फार आवडतं. खरा गोंधळ जुन्या फाइलींचा. तू ज्या निवृत्त गुरुजींबद्दल लिहिलंस, त्यांच्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नपत्रिका आयएसएम नाहीतर श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये असणार. त्या काळी युनिकोड सर्रास नव्हता, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसेल तर उघडल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. गुरुजी म्हणतील, ‘तुझ्या लिनक्सने माझ्या फाइली खाल्ल्या.’ रागावू नकोस. विंडोजच्या दुसऱ्या कोऱ्या यंत्रावर तीच फाइल उघडून दाखव, तिथेही तसंच दिसेल. मग त्यांना पटेल. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण जोडाक्षरांत ते अडखळतात, प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागेल. आधी एक प्रश्नपत्रिका करून दाखव आणि सगळ्या हव्यात का ते त्यांनाच ठरवू दे.

शनिवारी गुरुजींकडे जाशील तेव्हा पेनड्राइव्ह दोन ने, एकावर लाइव्ह सिस्टिम आणि दुसरा त्यांच्या फाइलींसाठी रिकामा. विंडोज पुसण्याआधी सी ड्राइव्हमधल्या फॉन्टच्या फोल्डरमधून त्यांचे मराठी फॉन्ट उतरवून घ्यायला विसरू नकोस. पुसल्यावर ते परत कुठे मिळतील याचा भरवसा नाही.

तुझा,
मामा