डागाचा कर्ता कोण?

त्वचेवरचा डाग आणि पाप यांची सांगड आपल्याकडे फार जुनी आहे. वस्त्र चोरणाऱ्याला त्या पापापायी कोड फुटते, असे मनुस्मृतीचा अकरावा अध्याय सांगतो. चरकानेही कोडाच्या कारणांत विरुद्ध आहाराच्या जोडीला कृतघ्नपणा, गुरूचा अपमान आणि पूर्वकर्म घातले आहे. त्यामुळे मलम लावून चेहऱ्यावर चट्टा उठला, तरी आजही ‘भोग आहेत एकेकाचे’ म्हणून लोक मोकळे होतात. हा निवाडा खुद्द कर्मविचाराच्या कसोटीलाही उतरत नाही.

आधी घडते काय, ते पाहू. मुरुमांवरचे ट्रेटिनोइन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड झेपले नाही, की कातडी लाल होते, जळजळते, सोलपटते. या दाहाने रंगपेशी चेतवल्या जातात आणि जास्तीचे मेलॅनिन तयार करतात. ते वरच्या थरात राहिले तर डाग काही महिन्यांत विरतो. खालच्या थरात उतरले तर वर्षानुवर्षे हटत नाही. गव्हाळ-सावळ्या त्वचेत हे अधिक होते. (गोरे होण्यासाठी लावलेल्या मलमाने काळे पडणारेही कमी नाहीत.) या साखळीची प्रत्येक कडी याच जन्मातली आहे.

यावर कर्मवाद्याचा आक्षेप हलका नाही. जपानमध्ये २०१३ साली कानेबो कंपनीने रोडोडेनॉल असलेली त्वचा उजळवणारी प्रसाधने बाजारातून परत घेतली, कारण ती वापरणाऱ्या हजारोंच्या अंगावर पांढरे चट्टे पडले होते. पण बहुसंख्य ग्राहकांना काहीच झाले नव्हते. मग जिच्या चेहऱ्यावर चट्टा उठला, त्या हिलाच का? रसायनशास्त्र ‘कसे’ ते सांगते, ‘हिलाच का’ याला उत्तर प्रारब्धाचेच, असे तो म्हणेल. पण चट्टा हिच्याऐवजी शेजारणीला उठला असता, तरी हेच उत्तर तितकेच चपखल बसले असते. जे कुणालाही लागू पडते, ते हिच्याविषयी काय सांगणार? त्वचेतले टायरोसिनेज हे विकर रोडोडेनॉलचे रूपांतर रंगपेशींना घातक अशा द्रव्यात करते, एवढे तरी आता ठाऊक आहे. त्या वाटेने पुढे शोधता येते, प्रारब्धापाशी शोध थांबतो. परंपराही याबाबत एकमुखी नाही. संयुत्तनिकायात सीवक नावाच्या परिव्राजकाला बुद्ध सांगतात, की वेदना पित्ताने, कफाने, वाताने, ऋतुबदलाने, हयगयीनेही होतात. सगळे पूर्वकर्मानेच होते म्हणणारे अनुभवाच्या पलीकडे जातात. चरकाच्या विमानस्थानातही दुर्बळ दैवावर पुरुषकार मात करतो, असे त्यातले आचार्य आत्रेय म्हणतात. सगळेच नेमलेले असते, तर त्यांनी औषधे सांगितली कशाला?

प्रारब्ध मानल्याने दुःख सोसायचे बळ मिळते, हा दुसरा आक्षेप. बळ मिळतही असेल. परंतु डाग सोसणे वेगळे आणि त्याचा दोष पत्करणे वेगळे. पहिल्याला धैर्य पुरते, दुसऱ्याला पुरावा लागतो. शिवाय कर्म म्हणजे केवळ प्रारब्ध नव्हे, क्रियमाण म्हणजे आज हातून घडणारे कर्मही आहे, आणि ते एकट्या रुग्णाचे नसते. चिठ्ठीवाचून स्टेरॉइडचे मलम काउंटरवरून सरकवणारा दुकानदार, जळजळ झाली तर थांबा एवढेही न सांगणारा डॉक्टर, घटक बारीक अक्षरांत दडवणारा उत्पादक आणि सावळ्या मुलीला स्थळ मिळत नाही म्हणून ते मलम घरात आणणारे वडीलधारे, हे सारे कर्ते आहेत. ‘भोग’ म्हटले, की या सगळ्यांची कर्मे एकट्या तिच्याच नावावर चढतात.