दुधाचा दाखला

परभणी असो की पाथरी, आमच्या घरांत मूल जन्मले की कानात अजान दिली जाते आणि मग बोटावर मध चाटवला जातो. आईचा पहिला पिवळसर चीक मात्र खराब समजून पिळून टाकणाऱ्या दादी-नानी आम्ही पाहिल्या आहेत. पुढे दूध कमी पडले की बोट सुनेकडेच. "हिलाच दूध नाही!"

हा दोष खरोखर तिचा असतो का?

सूरह अल-बकराची २३३वी आयत आम्ही आयांना हमखास ऐकवतो. दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख तीत आहेच. पण तिच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर आहे, कोणावरही झेपेल त्याहून जास्त ओझे टाकू नये आणि मुलापायी आईला त्रास होऊ नये, हेही त्याच आयतीत आहे. तेवढे मात्र आम्ही सोयीने विसरतो.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९९१ मध्ये बालस्नेही रुग्णालयांची मोहीम सुरू केली. दहा अटी पाळणाऱ्या प्रसूतिगृहाला दाखला द्यायचा, अशी ही कल्पना. आई-बाळाला वेगळे ठेवायचे नाही, वैद्यकीय कारणाशिवाय वरचे काही द्यायचे नाही, पाजायचे कसे ते आईला शिकवायचे. आम्हाला यातले मोठेपण एवढेच वाटते की इथे परीक्षा आईची नसून दवाखान्याची आहे. डबाबंद दुधाची जाहिरात आणि आयांना फुकट डबे वाटणे आपल्याकडे १९९२च्या कायद्यानेच बंद केले.

तरीही दाखला भिंतीवर असतो आणि खाटेवर बाई असते. आमच्या नात्यातल्या एका मुलीचे एका दवाखान्यात सिझेरियन झाले. बाळ हाती आले तोवर त्याला बाटली लागलेली. कोणी वाईट वागले नव्हते. वॉर्ड भरलेला आणि सिस्टर एकटीच. अशा वेळी अट मोडली कोणी?

आणि घराची तपासणी कोण करणार? वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा, हे डॉक्टर सांगतात. बाटली मात्र आमच्याच पिशवीतून वॉर्डात जाते. चाळीस दिवसांचा आराम ही आमच्यातली चांगली रीत, पण ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला तो कोण देतो?

त्या मुलीला घरी आणल्यावर सासूने आधी दुधाचा डबाच मागवला. नवऱ्याने तो परत केला. महिनाभर रात्री उठून तो तिला पाणी द्यायचा, बाळ तिच्या कुशीत ठेवायचा. शेजारच्या बायका त्याला हसल्या. दूध आले.