भाऊंचं पथ्य

लिव्हर सिरोसिसचं निदान झालं त्या दिवशी भाऊंनी दारू सोडली. खरंच सोडली, पैजा लावणारे हरले. पुढे पोटात पाणी झालं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या डोक्याने आणखी एक पथ्य धरलं: पाणीच बंद. आत आहे तेवढं बाहेर पडेना, वरून कशाला ओतायचं? जीभ कोरडी पडायची, पण दिवसाला दोन पेल्यांवर भाऊ जात नसत. पोट वाढतच गेलं. बेंबी बाहेर आली, लेंग्याची नाडी पुरेना.

डॉक्टरीणबाईंनी सुई घालून 6 लिटर पाणी काढलं. एवढं काढलं म्हणून शिरेतून अल्ब्युमिनही दिलं. मग विचारलं, "जेवता काय?"

"साधंच. पेज, मिठातली कैरी, खारा बांगडा. तेल-तुपाला शिवत नाही."

आपल्याकडे पथ्य म्हटलं की माणूस आधी तूप सोडतो आणि लोणच्याची फोड वाढवून घेतो.

"काका, तुम्ही पिता म्हणून पाणी साठत नाही. लिव्हर कडक झालंय, तिथे रक्त तुंबतं. त्यात किडनी मीठ बाहेर टाकत नाही, आणि मीठ थांबलं की पाणी थांबतं. तहान लागली की प्या. रक्तातलं सोडियम उतरलं तर पाणी कमी करायचं ते मी सांगेन. मीठ मात्र दिवसभरात सगळं धरून 5 ग्रॅम, चहाचा एक चमचा. डाळ, अंडी खा."

स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड या लघवीच्या गोळ्या लिहून दिल्या. अंगदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही. ताप आला, पोट दुखलं, बोलणं असंबद्ध झालं तर लगेच यायचं.

"आणि रोज सकाळी वजन. दिवसाला अर्धा किलो उतरलं तरी पुरे, घाई नको."

वहिनींनी कैरीची बरणी जावेकडे पोचवली. कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी वजनाचे आकडे पडू लागले, उतरूही लागले. एका आठवड्यात मात्र किलोभर वाढ.

"काटा बिघडलाय," भाऊ म्हणाले.

वहिनी स्वतः काट्यावर उभ्या राहिल्या. त्यांचं होतं तेवढंच भरलं.

"मग गोळ्या लागू पडत नसतील. डॉक्टर बदलू."

"अहो, नाक्यावर काय खाता?"

"काही नाही."

वहिनींनी खुंटीवरचा शर्ट काढून खिसा उलटा केला. शेवेचा चुरा खाली पडला.

"मूठभर फरसाणाने किलोभर कसं वाढेल?"

वहिनी वाद घालत बसल्या नाहीत. त्या दिवसाच्या आकड्यापुढे 'फरसाण' लिहून त्या दूधवाल्याचे पैसे द्यायला गेल्या.