स्तुतीची किंमत आणि साक्षीचा खरेपणा

एखादा मनुष्य पंचांपुढे उभा राहून आपल्या शेजाऱ्याविषयी चांगले बोलला, आणि तो जे बोलला त्यातील एकही शब्द खोटा नव्हता. परंतु त्या बोलण्याबद्दल त्याने त्याच शेजाऱ्याकडून गुपचूप रुपये घेतले होते. तर त्याची साक्ष खरी म्हणावी की खोटी? कोणी म्हणेल, शब्द खरे असल्यावर साक्ष खोटी कशी? दुसरा म्हणेल, पैसे घेतले तेथेच ती खोटी झाली. आमच्या मते दोघेही घाई करतात. ह्या प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा तो जेथे उभा राहतो तेथे जाऊन केलेला बरा. आणि आपल्या काळी तो निवडणुकीच्या दिवसांतील वर्तमानपत्रांच्या पानांवर जितका उभा राहतो तितका क्वचितच दुसरीकडे उभा राहत असेल.

बारामती व इंदापूर तालुक्यांतील वाचकांस सन २०२४ हे वर्ष सहज विसरता येण्याजोगे नाही. राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात २ जुलै २०२३ रोजी फूट पडली. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व घड्याळ हे चिन्ह अजित पवार ह्यांच्या गटास दिले, व त्यानंतर शरद पवार ह्यांच्या गटास तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह मिळाले. ७ मे रोजी लोकसभेसाठी मतदान झाले तेव्हा सुप्रिया सुळे व सुनेत्रा पवार, म्हणजे नात्याने नणंद व भावजय, समोरासमोर होत्या. २० नोव्हेंबर रोजी विधानसभेसाठी खुद्द बारामतीत अजित पवार ह्यांच्यासमोर त्यांचे पुतणे युगेंद्र पवार उभे राहिले. असा प्रसंग घडल्यावर दिल्ली-मुंबईचे बातमीदार लोटले ह्यात नवल नाही. घरातले कोण कोणाच्या बाजूस, कोणाच्या सभेत कोण रडले, कोणाचे भाषण टोचले, ह्याचे वर्णन आठवडेच्या आठवडे चालले. नोव्हेंबरात तर पाडव्याच्या भेटीगाठींसाठी गोविंदबागेत किती लोक जमले व काटेवाडीत किती, हाही बातमीचा विषय झाला.

ह्यात मुळीच दोष नव्हता काय? न्यायाने बोलायचे तर घरातील फूट ही खरोखरच बातमी होती, कारण त्या घराच्या हाती साखर कारखाने, शिक्षणसंस्था, बँका व राज्याचा कारभार ह्यांच्या अनेक दोऱ्या होत्या. ती छापली म्हणून आम्ही कोणास बोल लावणार नाही. दोष प्रमाणाचा होता. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत बारामती, इंदापूर, दौंड व पुरंदर हे तालुके होते. मे महिन्यात मतदान झाले तेव्हा उजनी धरणाचे पाणी उपयुक्त साठ्याच्या रेषेखाली कितीतरी गेले होते. नीरा डाव्या कालव्याच्या काठचा शेतकरी ऊस मोजत होता आणि त्याच तालुक्याच्या जिराईत भागातला शेतकरी टँकर मोजत होता. कालवा १८८५ पासून वाहतो. तो कोणाच्या शेतात वाहतो व कोणाच्या शेतापाशी थांबतो, हा प्रश्न त्याहून फारसा नवा नाही. काही वार्ताहरांनी ह्या गावांत जाऊन चांगले लिहिले, हे कबूल केले पाहिजे. परंतु नणंद-भावजयीच्या मथळ्याखाली ते लेखन दिसेनासे झाले. जो उमेदवार पाण्याविषयी काही ठोस बोलला त्याचे बोलणे आतल्या पानावर, आणि जो चुलत्याविषयी किंवा पुतण्याविषयी काही तिखट बोलला त्याचे पहिल्या पानावर, असे झाले म्हणजे उमेदवार पाण्याविषयी बोलायचे सोडून देतो. दोष कोणाचा, हे मग सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या मनास लागते, ती शब्दांची. बारामती हा अमुकाचा बालेकिल्ला, इंदापूर हा तमुकाचा गड, अमका नेता चाणक्य, तमक्याने शह दिला, दुसऱ्याने काटशह. हे शब्द इतके रुळले आहेत की छापणाऱ्यास ते खटकत नाहीत व वाचणाऱ्यासही नाहीत. परंतु गाव जर किल्ला, तर त्यात राहणारी माणसे कोण? एकतर पगारी शिबंदी, नाहीतर जिंकलेली रयत. तिसरे काही त्या शब्दात बसत नाही. वस्तुस्थिती काय झाली ते पाहा. लोकसभेस सुप्रिया सुळे ह्या १,५८,३३३ मतांनी निवडून आल्या, व त्यांस बारामती विधानसभा क्षेत्रात सुमारे ४८ हजारांची आघाडी होती. साडेसहा महिन्यांनी त्याच बारामतीने अजित पवार ह्यांस पुतण्याविरुद्ध १,००,८९९ मतांचे आधिक्य दिले. इंदापुरातही असेच. मे महिन्यात आघाडी एका गटास आणि नोव्हेंबरात विजय दुसऱ्या गटाचे दत्तात्रय भरणे ह्यांस. मतदारांनी दिल्लीसाठी एक विचार केला व मुंबईसाठी दुसरा, असे म्हणणारे म्हणतात. त्यांचे कारण आणखी काही असेल. किल्ल्याच्या भिंती असा विचार करीत नसतात. तरीही निकालाच्या दुसऱ्या दिवशी मथळा कोणता? बालेकिल्ला राखला.

इंदापूरची कथा तर ह्या रोगाचा नमुनाच होय. हर्षवर्धन पाटील हे १९९५, १९९९ व २००४ साली अपक्ष म्हणून आणि २००९ साली काँग्रेसतर्फे निवडून आले. २०१४ साली हरले. २०१९ साली भारतीय जनता पक्षात जाऊन पुन्हा हरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये शरद पवार ह्यांच्या पक्षात आले व तिसऱ्यांदा हरले. प्रत्येक वेळी पाने भरली ती ते जाणार की राहणार ह्या तर्कांनी. पक्ष बदलल्याने तालुक्यातील कोणत्या कामाविषयी त्यांचे मत बदलले, हा प्रश्न विचारणारा बातमीदार विरळा.

येथवर जे सांगितले ते चुकीच्या आवडीचे दोष झाले. आता मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण लाचेचा दोष ह्याहून वेगळ्या जातीचा आहे.

ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. त्या दिवसांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण ह्यांच्या स्तुतीची रंगीत पानेच्या पाने काही मोठ्या मराठी दैनिकांत झळकली, आणि एक मजकूर तर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या पत्रांत शब्दशः तोच आढळला. त्यांवर 'जाहिरात' असा शब्द नव्हता. पत्रकार पी. साईनाथ ह्यांनी 'द हिंदू' पत्रात हे उघडकीस आणले, व त्याबरोबर हेही दाखवले की चव्हाण ह्यांनी दिलेल्या हिशेबात वर्तमानपत्रांतील जाहिरातींचा खर्च अवघा ५,३७९ रुपये होता. पत्रांनी व नेत्याने पैशाचा व्यवहार झाल्याचे नाकारले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे २०१४ मध्ये न्यायालयाने ठरवले की खर्चाचा हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा आयोगास अधिकार आहे. आयोगाने हिशेबात दोष काढला, परंतु सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. म्हणून चव्हाण ह्यांस दोषी म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही व आम्ही तसे म्हणतही नाही. उत्तर प्रदेशात मात्र २०११ साली उमलेश यादव ह्या आमदार बाईंस अशाच खर्चाच्या कारणावरून आयोगाने तीन वर्षे अपात्र ठरवले. दरम्यान प्रेस कौन्सिलच्या दोन सभासदांनी २०१० साली ह्या विषयावर मोठा अहवाल लिहिला. कौन्सिलने त्याचे संक्षिप्त रूप तेवढे काढले, आणि मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या हुकुमानंतर २०११ साली लोकांपुढे आला. वर्तमानपत्रांविषयीचा अहवाल वर्तमानपत्रांच्याच परिषदेने मागे ठेवावा, ह्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

आता पाहा. समजा अशा एखाद्या विकत घेतलेल्या पानातील प्रत्येक वाक्य खरे आहे. नेत्याने रस्ता बांधला म्हटले, तो बांधला आहे. शाळा काढली म्हटले, ती आहे. मग फसवणूक कोठे झाली? फसवणूक वाक्यात नाही. ती बोलणाऱ्याच्या जागी आहे. उमेदवार स्वतः म्हणाला की मी चांगला आहे, तर ऐकणारा ते बोलणे उमेदवाराचे म्हणून तोलतो व निम्मे वजा करतो. तेच शब्द बातमीदाराच्या तोंडून आले म्हणजे तो वजा करीत नाही, कारण ह्या माणसास काही मिळवायचे नाही असे तो धरून चालतो. विकले जाते ते हे धरून चालणे. स्तुती फुकटही मिळते. विकत घ्यावा लागतो तो वाचकाचा विश्वास, आणि तो बातमीदाराच्या मालकीचा नसताना तो विकतो. म्हणून आमचे उत्तर असे, की प्रारंभी सांगितलेल्या साक्षीदाराचे शब्द खरे असतील, पण त्याची साक्ष खोटी आहे. कारण साक्ष म्हणजे केवळ शब्द नव्हेत, तर 'मी तटस्थपणे सांगत आहे' हे न उच्चारलेले पहिले वाक्यही तिच्यात असते, आणि खोटे आहे ते हेच.

कायद्यासही हे ठाऊक आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या १२७-अ कलमाप्रमाणे निवडणुकीच्या हस्तपत्रिकेवर छापणाऱ्याचे व प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव-पत्ता घालावा लागतो. न घातल्यास सहा महिने कैद किंवा दोन हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. बाजारात वाटलेल्या चिटोऱ्यास जो नियम लागतो, तो पाच लाख घरी जाणाऱ्या पानास लागू नये, हे विचित्र नव्हे काय?

येथे कोणी विचारील की तालुक्याच्या गावचा बातमीदार खाईल काय? हा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. पुष्कळ पत्रांत अशा मनुष्यास वेतन नाममात्र किंवा मुळीच नाही. त्याने जाहिराती मिळवाव्या व त्यांवरील दलालीत संसार चालवावा, अशी रीत आहे. ज्या कारखान्याच्या कारभाराविषयी त्याने लिहावे त्याच कारखान्याच्या अध्यक्षाकडे त्याला वाढदिवसाच्या पुरवणीची जाहिरात मागावी लागते. निवडणुकीत तर मालकाकडून आकडा ठरवून येतो. अशा मनुष्याचे पाप व त्याच्या मालकाचे पाप आम्ही एका तराजूत घालणार नाही. दारिद्र्याने लाच घेणारा आणि नफ्याच्या हिशेबाने लाचेचे दरपत्रक करणारा, ह्या दोघांत फार अंतर आहे. तथापि पहिल्याचे काम निर्दोष होत नाही, कारण त्याच्या लेखणीने ज्याचे नुकसान होते तो बहुधा त्याच्याहूनही गरीब असतो. ज्याच्यापाशी पान विकत घेण्यास पैसा नाही अशा उमेदवाराचे नाव छापलेच जात नाही, आणि ज्या वस्तीचे गाऱ्हाणे तो मांडणार होता ती वस्तीही त्याच्याबरोबर मुकी होते.

खरे सांगूनही न सांगितल्यासारखे करण्याची आणखी एक युक्ती आहे, ती म्हणजे बारीक अक्षर. १९ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अजित पवार ह्यांच्या पक्षास सांगितले की घड्याळ चिन्हाचा वाद न्यायालयात चालू आहे, अशी सूचना इंग्रजी, हिंदी व मराठी पत्रांत द्यावी व प्रचाराच्या प्रत्येक जाहिरातीत तसे लिहावे. नोव्हेंबरात न्यायालयास पुन्हा सांगावे लागले, की ३६ तासांच्या आत अशी सूचना, विशेषतः मराठी पत्रांत, ठळकपणे छापावी. एकच गोष्ट दोनदा का सांगावी लागली, ह्याचा वाचकांनी विचार करावा. डोळ्यांस न दिसणाऱ्या अक्षरांत सत्य छापल्याने हुकूम पाळला जाईल, मतदारास ते कळेलच असे नाही.

आणि न कळल्याने काय होते, ते साताऱ्याने त्याच उन्हाळ्यात दाखवले. तेथे शशिकांत शिंदे ह्यांचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि एका अपक्षाचे चिन्ह पिपाणीसारखे नुसते वाद्य, ज्यास मराठी यादीत तुतारी असेच नाव होते. शिंदे ३२,७७१ मतांनी पडले. त्या अपक्षास ३७,०६२ मते पडली. सर्वच मते चुकून पडली असे कोणी सिद्ध करू शकत नाही. परंतु मतदानापूर्वी दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी ठेवून फरक समजावणे हे पत्रांचे पहिले काम होते. ज्या घरात एकासच वाचता येते व बाकीचे ऐकतात, त्या घरासाठी तर ते सर्व अग्रलेखांहून मोलाचे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांवर गावात इतरांस वाचून दाखवण्याचे काम येते. त्यांनी पानाच्या कोपऱ्यातील बारीक शब्दही मोठ्याने वाचले, तर ऐकणाऱ्यास निदान कोण बोलत आहे ते कळेल.

ह्यावर उपाय काय, असे विचारले जाईल. प्रत्येक जिल्ह्यात निवडणुकीच्या वेळी माध्यमांवर लक्ष ठेवणारी समिती असते. बातमीच्या वेषातील जाहिरात आढळल्यास तिच्याकडे तक्रार करता येते. समितीस पटल्यास निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवारास नोटीस देतो व तो खर्च त्याच्या हिशेबात धरला जातो. विधानसभेच्या उमेदवारास ४० लाख व लोकसभेच्या उमेदवारास ९५ लाख रुपयांची मर्यादा २०२२ साली ठरली आहे, म्हणून ह्या नोंदीस अर्थ आहे. परंतु ही समिती हात घालते ती उमेदवाराच्या वहीत. ज्याने पान विकले त्याचे प्रकरण प्रेस कौन्सिलकडे जाते, आणि १९७८ च्या अधिनियमाने त्या मंडळास ताकीद देता येते, निषेध करता येतो. दंड करता येत नाही.